डॉक्टरांचा दाखला का जोडला नाही

मी, जळालेल्या विजेच्या मोटारी आणि पंखे नवी तार गुंडाळून रिवाइंड करणारी, वय एकसष्ट, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली न येता, माझ्याच दुकानातल्या टेबलावर लिहीत आहे. मन ठिकाणावर राहावे म्हणून सव्वीस वर्षे गोळ्या घेते. आजची सकाळीच घेतली. ज्याला यात विसंगती वाटेल त्याने पुढचे दोनदा वाचावे.

वकील म्हणाले, "ताई, मनाच्या डॉक्टरांचा दाखला जोडा, म्हणजे कोणी बोट ठेवणार नाही." तीन जिल्ह्यांना मिळून असा डॉक्टर एकच. आमच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून एका मंगळवारी येतो. दीडशे माणसे, प्रत्येकाला दोन मिनिटे. दाखल्याला अर्धा तास लागतो, म्हणून मला अकरा महिन्यांनंतरची तारीख मिळाली. ती येऊन गेली. दाखला नाही. कारण शेवटी सांगते.

१. दुकान, मागची खोली, वाइंडिंगचे यंत्र आणि शिल्लक तार माझ्या पश्चात माझ्या भाचीला, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलीला द्यावी. दुकान बाबांनी मला दिले, कारण तारेचे वेढे न चुकता मोजणारी घरात मी एकटीच. दादाने ते मनाला लावून घेतले आणि अजून काढलेले नाही.

२. दुकानापुढचे बाकडे कोणी हलवू नये. त्या मंगळवारी लांबून दवाखान्यात आलेली माणसे तिथे बसतात. त्यांना पाणी द्यावे, चौकश्या करू नयेत.

३. मागच्या खोलीची बाहेरून लावायची कडी दादाला द्यावी. मध्यंतरी डॉक्टरांची जागा चार वर्षे रिकामी होती, माझ्या गोळ्या बंद झाल्या, तेव्हा त्याने मला त्या खोलीत सात आठवडे कोंडले. "दुसरं काय करणार होतो मी?" असे तो अजून विचारतो. उत्तर माझ्याकडेही नाही, पण राग आहे. बरी झाल्यावर कडी मीच उपटली. स्क्रू पुडीत आहेत. "वेडीच्या सहीला काय किंमत?" असे तो वकिलांसमोर म्हणाला, तेही मी विसरलेली नाही.

४. आता दाखला. माझ्या तारखेच्या दोन दिवस आधी दादा मागच्या दाराने आला. "पोरगी बारा दिवस धड जेवली नाही गं. भिंतीशी बोलते. कुणाला सांगू नकोस."

मी म्हटले, "कडी न्यायला आलास का?"

तो दारातच बसून रडला. माझी तारीख मी पोरीला दिली. डॉक्टर तिच्याशी चाळीस मिनिटे बोलले. आता तीन महिने झाले. ती रोज दुपारी दुकानात येते, आणि परवाच्या कॉइलमध्ये एकही वेढा चुकला नाही. हे लिहू का, असे तिला विचारले. ती म्हणाली, "लिही आत्या. लपवून काय मिळालंय आपल्याला?"

दाखल्याची पुढची तारीख वर्षानंतरची आहे. तोवर मी थांबणार नाही. कोर्टाला दाखला हवा असेल तर माझी तारीख कोणी वापरली, हे दादाला विचारावे.

ठिकाण : माझे दुकान, शटर उघडे.
तारीख : डॉक्टरांच्या मंगळवारनंतरचा बुधवार.
सही : रिवाइंडिंगवाली ताई

ताईंनी मन ठिकाणावर असताना आमच्यासमोर सही केली :

साक्षीदार १ : कोपऱ्यावरचे औषध दुकानदार.

साक्षीदार २ : माझा थोरला भाऊ. (चष्मा विसरलो म्हणाला. मी माझा दिला.)