सहातले दोन बाण

१६ नोव्हें., रवि.
दौंड. तीस बाणांत तीनशेपैकी २५९. दोन बाण मधल्या पिवळ्यात आन् तिसरा खाली, आठात नायतर सातात. दरवेळी न्हाई, मधून मधून. म्हणून तर जास्त डोकं फिरतं.

सर मागं उभे होते. म्हणाले, "मंगल, सोडताना खांदा पडतोय तुझा." त्याच्यापुढं काय म्हणाले ते ऐकूच आलं न्हाई. दोन वर्षांमागं हाच उजवा खांदा निखळला होता. डॉक्टरांनी बजावलंय, परत तक्रार आली तर धनुष्य बंद.

आठवडाभर शिक्रापूरला कंपनीत उभं राहून पार्ट तपासायचे आन् रविवारी शिरूरहून यष्टीनं इथं यायचं, ते ह्या अठरा मीटरसाठी. जिल्ह्याच्या संघाची निवड १४ डिसें.ला. बायकांत एकच जागा. चौतीस वय झालं. पुढच्या वर्षी मला कोण विचारणार.

१९ नोव्हें., बुध.
ह्यांच्यावर उगाच खेकसले.
"खांदा दुखतोय का?"
"न्हाई."
"मग?"
"मग काय मग."
गप उठून चहा करून आणला बिचाऱ्यांनी. दुखत न्हाई हीच तर भीती. दुखला असता तर शेकला असता. न दुखता पडत असला तर काय करायचं माणसानं?

२३ नोव्हें., रवि.
२६१. आज ऋतुजाला पण बोलणी बसली. खुटबावची पोरगी, माझ्या माहेरची, एकोणीस वर्षांची. निवडीला मी आन् ती दोघीच उभ्या राहण्यासारख्या. तिचे बाण वर जातात. सर म्हणाले, "एकीचे खाली, एकीचे वर. ह्या गोडाऊनला दृष्ट लागली काय?" सराव जुन्या गुळाच्या गोडाऊनात, उन्हाळ्यात अजून वास येतो. बाकीचे हसले. ऋ. हसली न्हाई. मी पण न्हाई.

येताना यष्टीत न्हावऱ्यापर्यंत उभी. ठरवलं, निवडीचा दिवस झाला की धनुष्य सोडून द्यायचं. माझी निवड व्हायची तर न्हाईच म्हणा.

२६ नोव्हें., बुध.
आज कं.त मी एका पोराला झापत होते, नंबर न टाकता पार्ट ट्रेमधे कसे ठेवले म्हणून. खराब कुठला ते आता हुडकणार कसं? बोलता बोलता माझीच जीभ अडकली. माझ्या बाणांवर तरी कुठं नंबर हायेत!

घरी आल्या आल्या नेलपॉलिशनं ठिपके दिले. एक ते सहा. हे म्हणाले, "आता बाणांना पण नटवणार का?" नटवते म्हणलं.

३० नोव्हें., रवि.
तीन आन् पाच. दरवेळी तीन आन् पाच!!
वहीत एकेक बाण लिहून घेतला. बाकीचे चार पिवळ्यात. हे दोनच खाली. तोच हात, तोच खांदा. खांदा पडायचा तर तो ठिपके मोजून पडंल का?
सरांना काही बोलले न्हाई. आधी खात्री. ऋ. आज आली न्हाई, परीक्षा हाय म्हणं.

१ डिसें., सोम.
सेकंड शिफ्ट होती, म्हणून सकाळी बाजारपेठेत सोनारमामांकडं. बाण काढले तर म्हणतात, "पोरी, अजून भवानी झाली न्हाई. पहिलं वजन सोन्याचं करू दे. लाकडाबिकडाचं मागनं." लाकूड न्हाई मामा, कार्बन हाय. "व्हय व्हय. तरी बस." पाऊण तास बसले. शेवटी एक बाई मोडीचे कानातले घेऊन आली, मग माझा नंबर.

मामांनी पंखा बंद केला, काट्यावर वाटी पालथी घातली, तिच्यावर बाण आडवा. चार बाण २१.४ ग्रॅम, मागं-पुढं केसभर. तीन नंबर २२.७. पाच नंबर २२.७. मामांनी परत ठेवून बघितले. म्हणाले, "ह्यात सव्वा ग्रॅमच्या वर फरक हाय. सोनं असतं तर भांडणं झाली असती." घरच्या माणसासारखा आनंद झाला त्यांना, कशाचा ते न कळता.

दुकानाच्या पायरीवर बसून रडले. खांदा चांगला हाय माझा. चांगला हाय. दीड महिना मी स्वतःला मोडीत काढून बसले होते.

त्याच दिवशी, शिफ्टवरून आल्यावर
आता कळलं सगळं. ऋ.चे आन् माझे बाण एकाच दुकानातले, काळे, पिवळ्या पिसांचे, लांबी पण तेवढीच. फरक फक्त टोकाचा, तिचं टोक वीस ग्रेननं, म्हंजी सव्वा ग्रॅमच्या वर, जड. खंडेनवमीला सगळ्यांचे बाण एका पाटावर मांडून पूजा केली. कुंकू तेलकट, पिसांपर्यंत गेलं. दुसऱ्या दिवशी थिनरनं पुसलं, तवा मार्करनं टाकलेली नावं, नंबर सगळं गेलं. मग वाटले कुणी? मी. सहा तुझे, सहा माझे. मोजून. कं.त बारा वर्षं तपासणी करणारी बाई मी, आन् नुसते मोजून वाटले.
म्हंजी तिचे दोन जड माझ्याकडं आन् माझे दोन हलके तिच्याकडं. म्हणून तिचे वर जातात.

३ डिसें., बुध.
तिला फोन करायचाय. केला न्हाई.
एका वेळी तीनच बाण लागतात. माझ्याकडं चार सारखे हायेत. माझं काही अडत न्हाई.

७ डिसें., रवि.
२८३. सर खूश. "बघ, खांद्यावर लक्ष दिलंस की नाही?" "हो सर," मी म्हणाले. शरम वाटली पण म्हणाले.
ऋ. आजही न्हाई. सर म्हणतात घरीच कडब्याच्या गंजीवर मारते, बोलत न्हाई फारशी, सोडती का काय. पोरीला वाटत असंल आपला हातच गेला. मला वाटत होतं तसंच. आन् मी आठवडाभर गप.
निवड झाल्यावर सांगावं असं एकदा मनात आलं. इथं लिहून ठेवते, म्हंजी नंतर आलं नव्हतं असं म्हणता येणार न्हाई.

११ डिसें., गुरु.
हाफ डे टाकून खुटबावला गेले. दोन बाण पिशवीत. यष्टीत वाक्य पाठ करत होते, "काल वजन केलं, कालच कळलं." काल. दहा दिवस झाले होते.

ऋ. मागच्या अंगणात होती. तिच्या आईनं पाणी दिलं. मी पिशवी उघडली आन् पाठ केलेलं म्हणायच्या आधीच ती आत गेली. पेपरात गुंडाळलेले दोन बाण घेऊन आली. वर पेनानं लिहिलेलं, मंगलताई.
"तुमचे हायेत. पंधरा-सतरा दिवस झाले, बाजूला काढून ठेवलेत."
"कुठं वजन केलंस?"
"वजन कशाला, ताई? बोटावर आडवा धरला की कळतंय. ह्या दोघांचा तोल मागं येतोय."
बोटावर! आन् मी पाऊण तास सोनाराकडं भवानीची वाट बघत बसले.

म्हणलं, मग बोलली का न्हाईस? खाली बघत म्हणाली, "तुम्हीच वाटले होते. तुमचं चुकलं असं कसं म्हणायचं." पुढं म्हणाली, "आन् निवड पण हाय ना."
"मला पण दहा दिवस झाले कळून," मी म्हणाले. काल म्हणणार होते. तोंडातून दहाच आलं.
तिनं वर बघितलं. मग दोघींना असं हसू फुटलं की तिची आई चुलीवरचं सोडून बघायला आली. किती दिवसांनी हसले. आता तिनं माझी चूक पोटात घालायची का मी तिची, तेच कळेना. दोघी सारख्याच निघालो. फार हलकं वाटलं.
सरांना दोघींनी मिळून फोन केला. सर म्हणाले, "पुढच्या वर्षी ज्याची त्यानं पूजा करायची."

१४ डिसें., रवि. दुपारी, स्कोअरच्या कागदामागं
पहिले तीस झाले. ऋ. २८४, मी २८३. बाकीच्या मागं हायेत. एकही बाण विनाकारण खाली गेला न्हाई. जे दोन-तीन गेले ते माझे मला सुटताना कळले, खांद्याला नावं ठेवायची सोय राहिली न्हाई.
उरलेले तीस अडीच वाजता. मी डबा उघडलाच नव्हता. ऋ. शेजारी येऊन बसली, म्हणाली, "ताई, खाऊन घ्या, न्हाईतर हात कापतील." मी म्हणलं, कापू दे की, तुझंच बरं होईल. म्हणाली, "न्हाई. तसं नको मला." आन् तिच्या डब्यातली भाकरी मोडून माझ्यापुढं केली.
हिला हरवायचंय मला. मनापासून हरवायचंय. भाकरी घेतली.