एकच रेघ

शुक्रवार, १४ तारीख, सकाळ

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. पोर दारात एकटीच बघून घाबरू नकोस. भिंगरीला चार दिवस सुट्टी मिळाली, म्हटलं जाऊ दे बापाकडे. पहिल्या गाडीत बसवते आहे, कंडक्टरला दोनदा बजावीन. बॅग जड लागेल, त्यावर विनोद करू नकोस. तिचा खोकला बरा आहे. बूट मात्र पुन्हा लहान झाले, ही मुलगी पायांनीच वाढते. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो. तू कधी रात्रीचा येऊन गेलास की बघशील म्हणून मी कुणाला बोलावलं नाही.

माझा नियमांचा कागद आठवतो ना? नववीच्या जगाच्या इतिहासाचा. वहीच्या पहिल्या पानावर चिकटवायचा, खाली पालकांची सही आणि सध्याचा पत्ता. सही करताना तू म्हणाला होतास, हे वर्गाचे नियम आहेत की तुरुंगाचे. मी दोन दिवस फुगून बसले होते. पण पंधरा वर्षं तोच कागद चालवलाय मी. वहीचं पान फाडायचं नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, कारण माणूस आधी काय म्हणाला होता तेही इतिहासातच येतं. आणि ऐकलेली गोष्ट लिहिली तर सांगणाऱ्याचं पूर्ण नाव. पोरं मला पाठीमागे रेघबाई म्हणतात. म्हणेनात का.

या महिन्यात कारखान्यांचा धडा होता. परदेशातल्या पहिल्या गिरण्या, बारा-बारा तास राबणाऱ्या बायका, बाहेरून लावलेली दारं. मी वर्गात सांगितलं, तुमच्या घरात कुणी कारखान्यात असेल तर त्याला विचारा आणि लिहून आणा. गेल्या रविवारी भिंगरी तुझ्याकडून आली ती गप्पगप्प होती. मला वाटलं, खोकल्यामुळे असेल.

मंगळवारी मुख्याध्यापक म्हणाले, अध्यक्षांना नववीच्या वह्या बघायच्या आहेत, चांगल्या वहीला बक्षीस द्यायचंय. आमचे अध्यक्ष म्हणजे तू पूर्वी होतास त्या रंगाच्या कारखान्याचे मालक, हे तुला काय सांगायचं. मी अशी हुरळून गेले की विचारू नकोस. एकेचाळीस वह्या मोजून दिल्या. भिंगरीची न वाचताच दिली. आपली भाची म्हणून तिची वही मी नेहमी सगळ्यात शेवटी तपासते, कुणी बोट दाखवायला नको. बघ माझा न्यायीपणा.

घरी आल्यावर भिंगरी म्हणाली, "आत्या, बाबांचं वाचलंस?" मग तिनेच सांगितलं. कारखान्याला आग लागली तेव्हा पॅकिंगच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. किल्ली मालकांच्या खिशात होती आणि ते फाटकाशी उभे होते. तू फिटर, तू कुलूप तोडायला हातोडा आणलास तर त्यांनी माणसांना तुला धरून ठेवायला लावलं. आत अकरा बायका होत्या.

दादा, अठरा वर्षं तू हे मला सांगितलं नाहीस. पोरीच्या गृहपाठाला सांगितलंस.

आता कळतं तू गाव का सोडलंस. तुमचा हजेरी मांडणारा टाइमकीपर सगळ्यांना सांगत सुटला होता की आपण कुलपाची साक्ष देणार. आगीनंतर आठव्या दिवशी तो कालव्यात मेलेला सापडला. तू नवव्या दिवशी गेलास. आईला माझ्या गळ्यात टाकून पळालास म्हणून मी तुला किती वर्षं शिव्या घातल्या. चुकले रे मी. पाया पडते.

बुधवारी शाळा भरायच्या आधी भिंगरीला घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीशी गेले. वही उचलून न्यावी तर वह्या मोजलेल्या. तिला म्हटलं, आत जा आणि बाबांचं नाव काढून टाक, पटकन. मी दारात उभी राहिले. ती बाहेर आली, मागोमाग शिपाई आला, खोलीत माणसं आली. जिन्यावर मी विचारलं, पान फाडलंस ना? ती म्हणाली, "पान फाडायचं नसतं, आत्या. एकच रेघ मारली. खालचं वाचता येतंय."

तिला रागावू नकोस. मी शिकवलं तसंच तिने केलं.

काल संध्याकाळी वह्या परत आल्या. चाळीस. मुख्याध्यापक म्हणाले, एक वही अध्यक्षांना फार आवडली, ती त्यांनी ठेवून घेतलीय. मग सहज विचारावं तसं विचारलं, तुमचे भाऊ हल्ली कुठे असतात? मी म्हटलं, फिरतीवर असतो, मला नक्की ठाऊक नाही. ते हसले. म्हणाले, "राहू द्या बाई. पत्ता वहीतच आहे." सोमवारी मला बोलावलंय, भाचीला सोबत घेऊन.

तेव्हा सुट्टीबिट्टी काही नाही, दादा. बॅग जड आहे कारण तिचे सगळे कपडे त्यात आहेत. काल शेवटची गाडी निघून गेली होती, नाहीतर कालच पाठवली असती. फोन केला असता तर तू हो-हो म्हणून ठेवून दिला असतास, मला माहीत आहेस तू.

पोरीला पाणी दे, दोन घास खाऊ घाल आणि तिला घेऊन नीघ. रात्र त्या खोलीत काढू नकोस. कुठे जाणार ते मला कळवू नकोस. मला ठाऊक नसेल तर कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकणार नाही. सोमवारी मी एकटी जाईन आणि सांगेन की ती गोष्ट मीच वर्गात रचून सांगितली, पोरीने उगाच बापाचं नाव घातलं. ते विश्वास ठेवणार नाहीत. पण तेवढा वेळ माझ्याशी बोलण्यात जाईल, तेवढे तुम्ही लांब असाल.

नळाचं मी बघते.

वाचून झालं की हे पत्र फाड. रेघ नको मारूस, फाड, बारीक बारीक तुकडे कर. भिंगरी अडवेल, पान फाडायचं नसतं म्हणेल. तिला सांग, आत्यानेच सांगितलंय.

तुझी धाकटी