पेशंट नेहमी पूजाच

सांगली, गुरुवार

प्रिय पूजा,

फोनवर बोलायचा धीर होईना, म्हणून लिहून पाठवतेय. तू जर्मनीला जाऊन महिना झाला. इथे जर्मनच्या क्लासला नर्सेसची नवी बॅच आलीय. काल बाकं भिंतीला सरकवून त्यांचं ‘हॉस्पिटल’ मांडलं. कुणी डॉक्टर, कुणी नर्स, कुणी नातेवाईक, आणि सगळं जर्मनमधून. तुमचा गट आठवला. बाकावर आडवं पडून कण्हायचं काम कायम तुझं. संयोगिता तुझ्या वतीने बोलायची, कुठे दुखतंय तेसुद्धा! मी म्हणायचे, काय अभिनय करते ही पोरगी. पलूसहून सकाळच्या एसटीने धडपडत येणारी मैत्रीण मागे पडू नये, म्हणून साऱ्याजणी तुझ्या वाटचं बोलून टाकायच्या, आणि मी शहाणी, गट कसा एकजीव झालाय म्हणून खूश. तोंडी परीक्षाही जोडीनेच होती. तिथेही संयोगितानेच ओढून नेलं. वर माझं शिफारसपत्र, की पूजा एकटीने काम बघू शकेल.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तू तुमच्या वृद्धाश्रमातली बैठकीची खोली दाखवत होतीस. मागच्या खुर्चीतल्या आजी म्हणत होत्या, छाती आवळतेय, श्वास घेता येत नाही. तू हसून जर्मनमध्ये ‘हो, हो’ म्हणालीस आणि त्यांना पाणी दिलंस. मी ओरडले, तेव्हा कुठे दुसऱ्या नर्सला बोलावलंस. नंतर म्हणालीस, “मॅडम, ह्ये लोक लय भरभर बोलत्यात. आप्पांना सांगू नगा.” आणि येत्या सोमवारपासून त्या मजल्यावर तू एकटी असणार.

तुझे आप्पा परवा पेढे घेऊन आले होते. फौजेतला ताठ माणूस, पण बोलताना डोळ्यांत पाणी. “मॅडम, पोरगी आता एकटी समदं बघणार हाय,” म्हणाले. पेढा मी तसाच टेबलावर ठेवला.

आज सकाळी मी तुमच्या मोठ्या सिस्टरना मेल केलाय. पूजाला अजून एकटीला ठेवू नका, माझं शिफारसपत्र चुकीचं होतं, असं स्पष्ट लिहिलंय. कदाचित तुला परत पाठवतील. तू पुन्हा माझं तोंड बघणार नाहीस याची मला भीती वाटते, पण त्या आजींची त्याहून जास्त वाटते. आधी तुला विचारायला हवं होतं. पण तू “नको मॅडम” म्हणाली असतीस, आणि मीही तुला सांभाळून घेतलं असतं.

तुझीच,
दीपाली मॅडम