तोटीतला कडू बदाम

लिपोवा, १० एप्रिल २०२२

ती. व्लास्ताताईस, ओताकरचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोललो की तिसऱ्या मिनिटाला आपलं भांडण होतं, म्हणून हे पत्र. ब्लांकाचं लग्न अठरा जूनला ठरलं. मुलगा हिनेक तुझ्याच पिल्झेनचा आहे, बाप तिथल्या माल्टच्या कारखान्यात. ब्लांकाने बैठकीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं की लग्नात बाबांनी घरी केलेलीच बिअर वाढायची. माझी छाती फुगली, ती पहिलं पिंप उघडल्यावर बसली.

चव बिघडली आहे. अग्निशमन दलाचा आमचा कप्तान म्हणतो, कडू बदाम. पाद्रीबाबा म्हणाले, भिजलेला पुठ्ठा. हिनेकने दोन घोट घेतले, बिअरचा मग खाली ठेवला आणि हवेचं कौतुक केलं. बाहेर गारा पडत होत्या. व्याह्यांनी अतिशय नम्रपणे कळवलंय की लागल्यास ते आपली पिंपं घेऊन येतील. ताई, मुलीच्या लग्नात माझ्या अंगणात दुसऱ्याची बिअर वाहिली तर मी तळघरातून वर येणार नाही. एकतीस वर्षं तू बिअरच्या कारखान्यात चाखण्याची नोकरी केलीस. आता भावासाठी जरा डोकं चालव.

लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवलास तर घाबरेन.

तुझा,
ओताकर

---

पिल्झेन, १६ एप्रिल

चि. ओताकर यास, अ. उ. आ.

ब्लांकाचं अभिनंदन. तुझंही करणार होते, पण पत्राचा दुसरा परिच्छेद वाचला. आपल्या मोरावियात आलुबुखार पिकतं, त्याची दारू, स्लिवोवित्से, गाळावी आणि गप्प बसावं, एवढं बाबांना कळत होतं. तुला साठाव्या वर्षी बिअरचे डोहाळे लागले.

भिजलेला पुठ्ठा म्हणजे बिअरला हवा लागली. पिंप भरण्याआधी गॅस सोडून आतली हवा हाकललीस का? नसशीलच. पुढच्या वेळी हाकल. कडू बदाम मात्र बिअरचा नव्हे, तो बाहेरून आला आहे. पिंप रिकामं कर, उकळून गार केलेलं पाणी भर, गॅस लाव, दोन दिवस ठेव. मग एक पेला झाकण उघडून आतून घे आणि एक तोटीतून. ज्यात बदाम लागेल तिथे चोर.

आणखी एक. कप्तानाची जीभ कळली, पाद्रीबाबांचीही कळली. तुझी काय म्हणते?

घसा ओला होण्यापुरती माया सोबत पाठवली आहे.

तुझी ताई,
व्लास्ता

---

लिपोवा, २६ एप्रिल

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पाण्याचा प्रयोग केला. पाणी प्यायचंय हे कळल्यावर कप्तान दारातूनच परत निघाला होता. झाकणातून काढलेलं पाणी निर्मळ निघालं. तोटीतलं त्याने मोरीत थुंकलं आणि बदाम, बदाम म्हणत बसला. म्हणजे चोर नळीत. पण नळी मी दर पिंपानंतर धुतो, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत धुतो. तू पाठवलेली धुण्याची पावडर फार छान आहे.

हवेचं तू म्हणालीस ते बरोबर. बिअरचा शेवटचा घाणा सात मेला लावायचा आहे. त्याला उशीर झाला तर लग्नापर्यंत मुरणार नाही. लवकर लिही.

टोमणे कमी, माया जास्त, एवढीच विनंती.

तुझा,
ओताकर

---

पिल्झेन, २ मे

चि. ओताकर यास, अ. उ. आ.

माझ्या पावडरीने कुणाच्याही डोळ्यांत पाणी येत नाही. स्लिवोवित्सेने येतं. तू नळी बाबांच्या औषधाने धुतोस. जखमेला स्लिवोवित्से, सर्दीला स्लिवोवित्से, खिडकीच्या काचांना तीच, आणि तुझी रूझेना गेली तेव्हा तुलाही तीच पाजली. जंतू मरतात, मान्य. पण आलुबुखारच्या आठळीमुळे तिला कडू बदामाचा वास असतो. प्लास्टिकची नळी तो वास पिऊन बसते आणि मागून येईल त्याला पाजते. नळी फेक. तोटीतले रबरी वायसरही फेक. पावडरीचा डबा उघड. तो कपाटावर सील न फोडता ठेवलेला असेल.

आता मुद्द्याचं. लहानपणी आंबत घातलेल्या आलुबुखारच्या पिंपावर वाकून तू पैजेवर सांगायचास, हे कुणाच्या बागेतलं. त्याच माणसाला स्वतःच्या तोटीतली स्लिवोवित्से ओळखू येऊ नये? दोन पत्रांत अख्खं गाव चाखून गेलं, तू एकदाही नाहीस. विचारलं तर मला पाण्याचं पुराण ऐकवलंस. काय झालंय ते सरळ लिही.

वाट पाहते आहे, आणि मला वाट पाहणं आवडत नाही.

ताई

---

लिपोवा, ८ मे

ती. ताईस, नमस्कार.

डबा कपाटावर नव्हता, कपाटाखाली होता. बाकी सगळं खरं आहे. बाबा म्हणायचे, स्लिवोवित्से उडून जाते, मागे काही ठेवत नाही.

फेब्रुवारीत मला ताप आला. गेला तो वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. पाव कापसासारखा लागतो. ब्लांकाने रूझेनाच्या पद्धतीचं लसणीचं सूप केलं आणि आईसारखं झालंय का म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. डॉक्टर म्हणतात चव येईल, कधी ते सांगत नाहीत. ब्लांकाला कळलं तर लग्न पुढे ढकलेल. म्हणून मी बिअर कानांनी चाखतो, लोक काय म्हणतात ते ऐकून.

नवी नळी आणली, नवे वायसर घातले, काल शेवटचा घाणा लावला. तो बरा झाला की नाही, हे खरं सांगणारं इथे कुणी नाही. कप्तानाला फेस असलेलं काहीही चालतं. ताई, मला भीती वाटते.

तुझा,
ओताकर

---

पिल्झेन, १४ मे

चि. ओताकर यास, पुष्कळ पुष्कळ आशीर्वाद.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. महिनाभर मी नळीची तब्येत विचारत बसले. तुझं पत्र वाचून आधी रडले, मग तुला शिव्या दिल्या, मग तिकीट काढलं.

नऊ जूनला येते. तू ओत, मी चाखेन. बिघडली असेल तर व्याह्यांना मी सांगेन, तू नाहीस. पण आशा धरू नकोस. एकतीस वर्षांत चाखून झाल्यावर दुसरा मग मी फक्त दोन बिअरींचा मागितला आहे, आणि त्यातली एकही तुझी नव्हती.

ब्लांकाला मात्र तू सांगायचंस. निदान सुपाचं तरी सांग. तिच्या आईची चव होती ती, तिथे खोटं चालत नाही.

बाकी भेटीत. शिव्या राखून ठेवल्या आहेत.

ताई

---

लिपोवा, २१ जून

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तू पोचली असशील. ब्लांकाला सांगितलं तेव्हा ती दोन दिवस माझ्यावर चिडून होती, हे तुला माहीत आहे. लग्नाच्या जेवणात मात्र माझ्या खुर्चीशी वाकून एकेका पदार्थाची चव माझ्या कानात सांगत होती, ते तू पाहिलं नसशील. सूप आईपेक्षा खारट झालंय म्हणाली. मला ते लागलं.

तळघरात माझी बिअर चाखून तू, अजून गार कर, एवढंच म्हणालीस. त्यावर मी नऊ दिवस काढले. लग्नात व्याह्यांनी तोंडभर कौतुक केलं, पण त्यांच्या मुलाने गारांचंही केलं होतं. मग तू रिकामा मग घेऊन तोटीपाशी आलीस. मला वाटलं धुवायला आणलास. पुढे धरलास, मी भरून दिला. तासाभराने परत आलीस. तो तिसरा भरताना मी तोटी वेळेवर बंद केली नाही आणि फेस तुझ्या बुटांवर सांडला. तू म्हणालीस, म्हातारा झालास.

बिअर कशी होती हे मला माहीत नाही, ताई. कुणाला विचारायचीही आता गरज नाही.

तुझाच,
ओताकर