मिश्री आणि ऑपरेशनची तारीख

६ एप्रिल, रविवार
काल नवऱ्याला, विलासला, घेऊन नगरला जाऊन आले. डॉक्टरबाई आडपडदा न ठेवता बोलतात, बरं वाटलं. छाती वर उचलून बसवता येईल, पण मोठी होणार नाही. वण राहणारच, बोंडाभोवती आणि तिथून खाली. वजन पुन्हा वाढलं तर सगळं पाण्यात. आणखी मूल हवंय का, म्हणाल्या. दोन पुरे झाली. सिगारेट, तंबाखू? मला हसूच आलं. शाळेत तंबाखूमुक्तीची शपथ मीच देते. नाही म्हटलं. तारीख ५ मे, सुट्टी लागलेली असेल. आज चर्चमध्ये लक्ष कुठलं लागतंय.

९ एप्रिल
वि.चं पुन्हा तेच. "दोन पोरं झाली, आता कुनाला दाखवायचं हाय?" भांडी आपटली. कुणाला नाही रे बाबा. आंघोळ करताना खाली बघायचं टाळते, कित्येक वर्षं. उन्हाळ्यात खालची कातडी घामाने सोलते. एवढं वजन घटवलं ते काय असं लोंबायला? माझ्या अंगाची मलाच लाज वाटते, ती नको झालीये. बस्स.
जाऊबाईंना, शांताला, सांगितलं. म्हणे, "कापून वर शिवत्यात व्हय? झंपरच म्हन की." हसून हसून पुरेवाट.

२३ एप्रिल
भुलीच्या डॉक्टरांनी तपासलं. तोंड उघडायला लावलं. हिरड्या बघून विचारलं, "मिश्री लावता?"
"आयुर्वेदिक मंजन आहे," म्हटलं. जीभ कशी वळली कोण जाणे. पहिल्यांदा नाही म्हटलं ते अगदी मनापासून होतं. मिश्री म्हणजे तंबाखू हे डोक्यातच आलं नाही. आम्ही दोघी जावा रोज मागच्या दारी बसून दात घासतो, गप्पा मारतो, एवढंच. आजचं मात्र धडधडीत खोटं.
मग डॉक्टरबाईंनी समजावलं, सगळ्यांना सांगत असतील तसं. तंबाखू कुठलीही असो, बारीक रक्तवाहिन्या आवळते. उचललेल्या छातीला आधीच रक्त कमी पोचतं. बोंड काळं पडून गळूही शकतं. ऑप.च्या आधी चार आठवडे बंद, नंतरही बंद.
मी मान डोलावली. ५ मेपर्यंत चार आठवडे उरलेत कुठे?

२६ एप्रिल
मिश्री बंद. पोट साफ नाही, डोकं ठणकतंय, वर्गात पोरांवर उगाच खेकसले. खरं सांगितलं तर तारीख जाणार. ही सुट्टी हुकली की थेट दिवाळी, आणि दिवाळीला वि. जाऊ देतोय होय? आणि न सांगता टेबलावर झोपले तर

नाही लिहवत.

२ मे
गच्चीवर जाऊन फोन केला. सगळं सांगून टाकलं. डॉ.बाई म्हणाल्या, "मी तुमच्या शब्दावर ब्लेड हातात घेते, मॅडम. हे परत नको." नवी तारीख २ जून, मध्ये एकदाही लावली नाही तरच. शाळा सुरू व्हायच्या आत थोडी उठबस करता येईल.
वि.ला सांगितलं. "बरं झालं," म्हणाला. जेवले नाही.

१८ मे, रविवार
वि. राहुरीहून पुढून बटणांचे दोन गाऊन घेऊन आला. ऑप.नंतर हात वर करता येणार नाहीत ना, म्हणून. मी आणायला सांगितलं नव्हतं. दुकानात माप काय सांगितलंस विचारलं तर कान लाल. माणूस वाईट नाही.
मला वास नको म्हणून शांता हल्ली तिची मिश्री शेजारणीकडे भाजते.

२७ मे
शांता विसरली. सकाळी मागच्या दारी तवा तापलेला, घरभर तो वास. ती पाण्याला गेली तेवढ्यात चिमूटभर लावली. किती बरं वाटलं, हेच वाईट. मग खळाखळा चुळा भरल्या आणि मोरीत बसून रडले. स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

१ जून, रविवार
उद्या. पिशवी भरून झाली. न राहवून वि.ला सांगितलं. म्हणाला, "चिमटीभरानं काय व्हतंय? नगं सांगू. व्हऊन जाऊ दे तुझं."
'होऊन जाऊ दे' हे त्याच्या तोंडून ऐकायला मी जीव टाकत होते. आज ऐकलं, तेही असं.

२ जून
दवाखाना. पहाटेपासून उपाशी. समोर एक बाई पदर घट्ट धरून बसलीये. वि. शेजारी, गाऊनची पिशवी मांडीवर. डॉ.बाई आल्या, बघून हसल्या. म्हणाल्या, आत या, एकच विचारायचंय.
वि. माझ्याकडे बघून हळूच मान हलवतोय, नको म्हणून. चष्मा त्याच्याकडे देते आणि सांगायला उठते.