मऊ पडलेली रोटी

होम्स शहरातून

लाडक्या आई,
तुझ्या दोन्ही हातांचे मुके.

मी मजेत आहे. बाबांचा खोकला थांबला का? खरं काय ते लिही.

काल सासूबाईंनी पहिल्यांदाच मला फत्ता करायला सांगितला. इथे सगळे जेवायला बसले की मगच तळलेल्या रोटीवर पालक आणि दही घालतात, रोटी कुरकुरीतच हवी. मी आपली सवयीने, तू आजीसाठी करतेस तसं, आधीच घालून ठेवलं. माणसं बसेपर्यंत सगळा लगदा.

"हे काय, बाळाचं जेवण?" नवरा म्हणाला. मला रडूच येणार होतं.

सासूबाई मात्र जेवत राहिल्या. एरवी रोटी हळूच बाजूला सारतात, काल दोनदा वाढून घेतलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, त्यांच्या दाढा गेल्यात.

आज पालक निवडताना हळूच म्हणाल्या, "पोरी, यापुढे दही आधीच घालत जा. कुणी बोललं तर सांग, अजून जमत नाही."

तेव्हा तुझ्या लेकीला साधा फत्ताही येत नाही असं गावात कानावर आलं, तर मान खाली घालून ऐकून घे. आजीला मात्र खरं सांग.

तुझीच,
विसाल