दाराआडचं दुखणं

१२ ऑक्टोबर १९३१

आज पुन्हा! भात वैरला आणि उठावं लागलं. मागल्या दारी जाऊन आले, हातपाय धुतले, सोवळं बदललं, चुलीशी बसते न बसते तोच — कळ. होते थेंबभर, आणि आग अशी की आत कोणी मिरच्या वाटतंय.

माजघरातून सासूबाई — "अगो, आज भात शिजायचाय की नुसतं सोवळंच बदलायचंय?"

मासिकात मी लिहिलेल्या टवाळ्या छापून येतात. छापायच्या ह्या बाईंच्या!

१५ ऑक्टोबर

हे परशुराम वैद्यांकडे जाऊन आले. माझ्या दुखण्यासाठी, मी घरी. आमच्यात बाईचं दुखणं नवऱ्यानं सांगायचं, औषध नवऱ्यानं आणायचं. कडू घोट तेवढा तिच्या वाट्याला. शिवाय हे वकील! माझी बाजू ह्यांच्याहून कोण चांगली मांडणार?

मिळालं काय — एक चूर्ण, आणि तीन वेळा आमसुलाचं पाणी.

२४ ऑक्टोबर

आमसुलाचं पाणी चालू. आगही चालू. ह्यांना म्हटलं, वाढलंय. "सांगतो वैद्यांना." सांगितलं. वैद्यांनी आमसुलं दुप्पट केली.

२ नोव्हेंबर

मालगुंडला भाचीच्या मुलीचं बारसं. येत नाही म्हणून कळवलं. बैलगाडीचा प्रवास, हाकणारा पुरुष, शेजारी दीर — गाडी थांबवा म्हणून कोणत्या तोंडानं सांगू? आणि किती वेळा?

सासूबाईही नाहीत जायच्या. त्या कुठेच जात नाहीत. कीर्तनाला नाही, लग्नाला नाही. काशीयात्रा चालून आली होती, तर म्हणाल्या, "माझी काशी हीच." शेजारची सावित्री अजून ते वाक्य डोळे मिटून सांगते. त्या घरी राहिल्या की वैराग्य. मी राहिले की — "हिचं काय, नेहमीचंच!"

९ नोव्हेंबर

दिवाळी. चकल्या तळल्या. अर्ध्या करपल्या, कारण मी जागेवर नव्हते.

१४ नोव्हेंबर

आज परशुराम वैद्य स्वतः आले, कसल्याशा कज्ज्याच्या कामाला. ओटीवर बसले. मी पान पाठवून दाराआड उभी.

"काय हो वकील, घरात पित्त कसं आहे?"

"आहे थोडं अजून."

पित्त! माझा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. महिनाभर मी पित्ताचं औषध घेतेय! कोर्टात साक्षीदाराला नको नको ते विचारणारा हा माणूस — बायकोच्या दुखण्याचा एक शब्द ह्यांच्या तोंडातून फुटला नाही.

दाराआडूनच म्हटलं, "पित्त नव्हे. लघवीला आग होते. थेंब थेंब होते, पुन्हा लागते. चार वर्षं झाली."

ह्यांचा अडकित्ता सुपारीवर थांबला. वैद्य मात्र हसले नाहीत, खाकरलेही नाहीत. दाराकडे तोंड करून सरळ मलाच विचारलं. ताप येतो? रक्त जातं? खडा पडला कधी? नाही, नाही, नाही.

"मग वहिनी, आमसूल आधी बंद! मीच आगीत तेल घालत होतो की. आंबट, तिखट, चहा — काही दिवस काहीच नको. मग एकेक घेऊन बघा, काय झोंबतं ते. आणि जावं लागेल म्हणून पाणी तोडता ना? तोडू नका. कमी प्यालात की जास्त जळतं. घोटघोट, दिवसभर. गोखरूचा काढा. ओटीपोटाला शेक. लागली की लगेच धावू नका, सोसेल तेवढा दम धरा. मुळासकट जाईल असं म्हणत नाही. पण सांभाळता येईल."

ते गेल्यावर हे — "अगं, परक्या पुरुषासमोर!"

म्हटलं, "वकीलसाहेब, अशिलाची कैफियतच बदललीत तुम्ही. अशील दुसरं काय करणार?"

सासूबाई माजघरात जपाला बसल्या होत्या. माळ हातात तशीच, मणी पुढे सरकेना. घराची लाज गेली म्हणून जप अडला असणार. अडू दे.

२० नोव्हेंबर

एकादशी. वऱ्याचे तांदूळ एका बैठकीत शिजले! आग गेलेली नाही, पण आता ती म्हणेल तेव्हा मी धावत नाही.

सासूबाईंची नेहमीप्रमाणे निर्जळी. सावित्री येऊन पाया पडली — "पाण्याचा थेंब नाही हो, ह्या वयात!" ह्या घरात एक बाई पाणी पिऊन बरी होतेय, दुसरी न पिऊन थोर. मासिकाला चांगला मजकूर आहे.

२१ नोव्हेंबर

बारस. पारण्याचं पान वाढत होते. सासूबाई पानाकडे बघत, इतक्या हळू की आधी ऐकूच आलं नाही — "अगो, आजपासून माझ्याही आमटीत आमसूल नको."

पळी खाली ठेवली. विचारलं, "कधीपासून?"

"तुझे मामंजी होते तेव्हापासून," म्हणाल्या, आणि रिकामं फुलपात्र माझ्याकडे सरकवलं.